दोन बोटं वर

सोमवार, २ डिसेंबर २०२४. रात्री ८.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गिरणीच्या पट्ट्यावर बसलेलं पीठ केरसुणीने झाडत होतो, तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला की यंत्र आलं आहे, नऊच्या आत या. उरलेलं पीठ वडिलांनी, म्हणजे अप्पांनी झाडलं. ते म्हणाले, "जा, तू आता मशीनवाला झालास. आमची काय, पिठाचीच मशीन."

दवाखाना इथेच हळ्ळीखेडमध्ये, बसस्टँडच्या मागे आहे. डॉक्टर मंजुश्री बिदरला मैलूरमध्ये राहतात आणि मंगळवारी, शुक्रवारी इथे येतात. आज यंत्रासाठी मुद्दाम आल्या. मी तिथे दीड वर्ष नावं लिहितो आणि बिलं फाडतो. बारावीत इंग्रजीने दोनदा धरलं म्हणून शाळा सुटली. पण माझं शुद्धलेखन चांगलं आहे, हे त्याही म्हणतात. आजपासून ईसीजी मी काढायचा. बायकांचा पवित्रा सिस्टरनी काढायचा, तोही माझ्याकडून शिकून. बाई म्हणाल्या, रोज काय केलं ते लिहीत जा. त्यांना दवाखान्याची वही म्हणायची होती. ती वेगळी केली आहे. ही माझी.

कंपनीच्या माणसाने एक तास शिकवलं. दोन मनगटं आणि दोन घोटे, तिथे चार चिमटे. छातीवर सहा रबरी फुगे, जेल लावून. सगळ्यांची जागा ठरलेली. बटण दाबलं की गुलाबी चौकटींच्या कागदाची पट्टी निघते आणि वर यंत्र स्वतःच इंग्रजीत एक ओळ छापतं, की त्याला काय वाटतं.

पहिला पेशंट रेवणप्पा, वय ६८. शर्ट काढला तर गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करडगी, म्हणजे डबी, आमच्या सगळ्यांच्या असते तशी, आणि ती नेमकी तिथेच टेकलेली जिथे पहिले दोन फुगे लावायचे. कंपनीच्या माणसाच्या गळ्यात काही नव्हतं, त्यामुळे हे शिकवलंच गेलं नाही. रेवणप्पा म्हणाले, "पोरा, लिंगाला ते चिकट-बिकट लावू नको गा." मी तरी कसं लावीन? अंगावरून काढायला सांगणंही पाप. मग मी ते दोन फुगे दोन बोटं वर लावले. घरी येऊन फूटपट्टीने बोटं मोजली. साडेतीन सेंटिमीटर. रोज सारखंच लावायचं, कमीजास्त नको, म्हणून लिहून ठेवतो.

शुक्रवार, ६ डिसेंबर.

बाईंनी आज पाच मिनिटं बसवून समजावलं. मांस जिवंत असेल तिथून विजेची लाट उठते. झटका येऊन हृदयाचा तुकडा मेला, की तिथून लाट उठत नाही, आणि त्या बाजूने बघणाऱ्या तारेला टेकडीऐवजी खड्डा दिसतो. झटका येऊन वर्ष झालं तरी खड्डा राहतो. मी विचारलं, माणसाला कळत कसं नाही? त्या म्हणाल्या, "खूप जणांना कळत नाही. कुणी ॲसिडिटी म्हणतं, कुणी म्हणतं पाठ भरली. घरच्यांनाही तेच खरं वाटतं. पट्टी मात्र विसरत नाही."

हे मला फार आवडलं. रात्री आईला, म्हणजे अव्वाला सांगितलं. अव्वा भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजे तुजी मशीन सासूसारकी हाय. जुनं सगळं ध्येनात ठिवती."

सोमवार, ९ डिसेंबर.

रेवणप्पा आज परत आले होते. त्यांच्या पट्टीवर ओळ आली: सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमिन्ड. शब्दकोशात बघितलं. हृदयाच्या मधल्या पडद्याला जुना झटका. शेवटचे दोन शब्द वाचून मला वाटलं, यंत्राला वय कळलं नाही, माझीच चूक. वय परत घालून पट्टी परत काढली. तेच. मग बाईंना फोन केला. त्या हसल्या. झटक्याचं वय कळत नाही, पेशंटचं नव्हे. जुना झटका असेल किंवा नसेलही, एको करून घ्यायला सांगा, म्हणाल्या.

रेवणप्पा घाबरतील म्हणून मी हळू आवाजात सांगितलं. ते घाबरले नाहीत. उठून ताठ बसले. "म्हंजे मी मरून परत आलो म्हण की." संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला माहीत झालं होतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर. रात्री ९.

लिहावं की नाही, अर्धा तास विचार केला.

बाई आज दुपारी हुबळीला गेल्या. लेकीचं बाळंतपण आहे, तीन तारखेला येतील. दवाखाना बंद करायच्या वेळी अप्पा मला घ्यायला आले. मी सहज म्हणालो, झोपा जरा, तुमचा काढतो. कागद वाया जाईल म्हणून ते नको म्हणत होते. बाईंना न विचारता काढला, ही माझी पहिली चूक.

सेप्टल इन्फार्क्ट. तीच ओळ.

परत काढला. फुगे पुसून, जेल नवं लावून, त्याच मापाने दोन बोटं वर. परत तीच ओळ. पहिल्या तारेत टेकडी नाहीच, सरळ खड्डा. दुसऱ्या तारेत टेकडी म्हणजे नखाएवढी.

अप्पांनी विचारलं, "काय म्हणती मशीन?" मी म्हणालो, चांगलं आहे. अप्पांशी मी खोटं बोललो. ते माझ्या पुढे सायकल चालवत होते, पाठीवर पिठाचे पांढरे ठसे. त्यांचं वय छप्पन. वीस वर्षं ते लोकांचे धान्याचे डबे डोक्यापर्यंत उचलून गिरणीच्या तोंडात ओततात. रोज चाळीस-पन्नास डबे.

शनिवार, १४ डिसेंबर.

बाईंना फोटो पाठवला आणि चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. छातीत दुखतं का, दम लागतो का, विचारलं. दोन्ही नाही. म्हणाल्या, "मग घाई नाही. जड उचलू देऊ नका, मी आले की नीट बघू." मागे बाळ रडत होतं. मुलगी झाली.

रविवार, १५ डिसेंबर.

घरात सांगितलं. अप्पा एवढे चिडले की उठून गिरणीत गेले आणि सगळ्यात मोठा डबा उचलायला लागले. अव्वाने जाऊन हातातला डबा काढून घेतला.

"मला काय झालंय गा? धडधाकट माणसाला कामून बसवायलाव?"

"तुमाला काय झालंय ते मशीनला म्हाईत हाय. बसा गप."

"आन् गिरण कोण चालवल? तुजा बाप?"

"माझा बाप ब्येस हाय, वर बसून बगायलाय. मी चालवते."

मी म्हणालो, सकाळी नऊपर्यंत मी ओतीन. पण लोक डबे आणतात दहानंतर, तेव्हा मी दवाखान्यात. अव्वा म्हणाली, "तू तुजं बग. डबे काय, पोरं उचलल्यासारके उचलते." ती पदर खोचून उभी राहिली. अप्पा स्टुलावर बसून वजन करणार आणि पैसे घेणार. ते तोंड फिरवून बसले होते, पण डबा वर गेला की त्यांचे खांदे आपोआप उचलले जात होते.

बुधवार, १८ डिसेंबर.

अप्पांचं जेवण बदललं. तेल मोजून रोज दोन चमचे. मीठ कमी. सकाळ-संध्याकाळ नाडी मोजतो: ७२, ७६, ७४. झोपेत श्वास मोजला, १५. ते जागेच होते. म्हणाले, "झोप आता, उद्याच्याला मोजायला काय तरी ठिव."

अव्वाने लवंग मागितली. दाढ दुखते म्हणे. कामाला लागली की दुखते आणि बसली की थांबते. अशी दाढ मी ऐकली नव्हती. मी म्हणालो, बाई आल्या की दाताच्या डॉक्टरचं नाव विचारू.

गुरुवार, १९ डिसेंबर.

अप्पांची नाडी ७४. आज त्यांनी चोरून शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अव्वाने पकडलं. दोघांचं भांडण ऐकायला गिर्‍हाईकं थांबली होती.

रविवार, २२ डिसेंबर.

आजपर्यंत ३४ पट्ट्या काढल्या. त्यांतल्या बारांवर तीच ओळ. अप्पांना धरून तेरा म्हणायच्या. मला झोप येत नाही. एवढ्या लोकांना झटका येऊन गेला आणि गावात कुणाला पत्ता नाही?

तक्ता केला. नाव, वय, काम, विडी, तंबाखू, शाकाहारी की नाही. तक्त्यातून निघालं ते उलटंच. उद्धवराव पाटील, वय ७४, दिवसाला दोन बंडल विडी, शनिवारी मटण. त्यांची पट्टी स्वच्छ. पवित्रा सिस्टरनी काढलेली लिंगम्माची, जिने आयुष्यात अंडं बघितलं नाही, तिला जुना झटका. पवित्रा म्हणाली, "अण्णा, बघितलं का, सगळे आमच्याच लोकांचे हायत." खरंच. बाराही घरं आमचीच, लिंग बांधणारी. मग काय, आमच्या ज्वारीत काही आहे का? की उपासांमुळे? बाईंना विचारायचे प्रश्न म्हणून दोन्ही लिहून ठेवले.

रेवणप्पा दवाखान्यात रोज येऊन बसतात. नवीन माणसाच्या पट्टीवर ओळ आली की त्याला धीर देतात. "भिऊ नको. मला बी झालाय. कायबी व्हत न्हाई."

शुक्रवार, २७ डिसेंबर.

नाडी ७२. गिरणीत आज जास्त गर्दी, येळवसचा सण जवळ आला म्हणून. अव्वा ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून मग वर आली. मी विचारलं तर म्हणाली, पायरी थंड असते, बरं वाटतं.

सोमवार, ३० डिसेंबर. वेळ अमावस्या.

आमच्याकडे येळवस म्हणतात. गावात आज माणूस नसतो, सगळे शेतात. गिरण बंद. आमच्या अडीच एकरांत तूर उभी आहे. अप्पांनी आणि मी काल कडब्याची झोपडी, कोपी, केली. म्हणजे पेंड्या मी उचलल्या, अप्पांनी चुका काढल्या. आत पाच दगड मांडून पूजा केली. मग एक जण पुढे आंबील शिंपडत आणि बाकीचे मागून हो म्हणत, असे शेताभोवती फिरलो. घागर अव्वाच्या डोक्यावर होती. दरवर्षी अप्पांच्या खांद्यावर असते. ती बांधावर दोनदा थांबली. मी म्हणालो, मी घेतो. ती म्हणाली, "तू मागं हो म्हणत चल, सांडवशील."

जेवायला कलबुर्गीहून संगमेश्वरमामा आले होते, अव्वाचे धाकटे भाऊ. सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर. अव्वाने भज्जी घेतली नाही. तेव्हा सगळे हसले, कारण मागच्या येळवसची गोष्ट घरात प्रसिद्ध आहे. अप्पांनी मामांना ती पाचव्यांदा सांगितली. अव्वा तीन तांबे आंबील प्यायली, वरून भज्जी, आणि दुपारी कोपीत आडवी झाली. वांत्या, घाम, तोंड पिवळं. सोडा पाजला, पोटाला हिंग लावला. संध्याकाळी उठून बसली, तरी चार दिवस शेणाची पाटी उचलेना.

"तवापासून भज्जीकडं बगत न्हाई," अप्पा म्हणाले. "आंबील चढलेली पैली बाई हाय ही तालुक्यात."

मामांना ठसका लागला. अव्वाही हसली आणि अप्पांच्या पानातली तिसरी पोळी उचलून परत ठेवली.

अप्पांनी भज्जी दोन वाट्या खाल्ली. मी एक मोजली होती. दुसरी कधी घेतली कळलं नाही. नाडी ७८.

मंगळवार, ३१ डिसेंबर.

दाढ रात्रीही दुखली म्हणे. लवंगा संपल्या.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५.

सगळं क्रमाने लिहितो. 

बाई दहाला आल्या. हुबळीचे पेढे दिले. मी तक्ता आणि सगळ्या पट्ट्या पुढे ठेवल्या. आता शेरा असलेल्या पंधरा होत्या, अप्पांची धरून. बाईंनी एकेक उलटली. मग तक्त्यातली नावं वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"महेशकुमार, तुम्ही फुगे कसे लावता ते मला दाखवा. नेहमी लावता तसे."

अप्पा बाहेर बसले होते, अव्वाही आली होती. बाई काय सांगतात ते स्वतःच्या कानाने ऐकायचं म्हणत होती. अप्पांना झोपवलं. मी करडगीच्या वर दोन बोटं मोजून पहिला फुगा लावला, मग दुसरा.

बाईंनी डोळे मिटले.

"हे का?"

मी कारण सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं, नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी स्वतः लिंग बांधणाऱ्या घरातली, आणि मला हे सुचलं नाही." मग समजावलं. या दोन तारा ठरल्या जागेवरून बघतात तेव्हा लाट आपल्याकडे येताना दिसते. वर सरकवल्या तर त्याच लाटेची पाठ दिसते. चांगल्या हृदयातही खड्डा दिसतो. यंत्राला फुगा कुठे आहे ते कळत नाही, ते आपलं झटका म्हणून छापतं.

मग त्या अप्पांना म्हणाल्या, "अप्पा, पूजेला बसता तसं लिंग डाव्या तळहातावर घ्या. दोरा गळ्यातच राहू द्या." अप्पांनी घेतलं. छाती मोकळी झाली. किती सोपं होतं. फुगे ठरल्या जागी लावले. बटण मी दाबलं. वरची ओळ आली: नॉर्मल. पहिल्या तारेत लहान टेकडी, दुसरीत मोठी, पुढे चढत गेलेल्या.

अप्पा उठून बसले आणि म्हणाले, "म्हंजे एकोणीस दिस मला फुकट बसवलं?" आणि मग मला त्यांनी छातीशी धरलं, जेल लागलेलं असताना. माझा शर्ट चिकट झाला. मला रडू आलं, ते लिहितो.

एवढ्यात पवित्रा म्हणाली, मलाही नीट जागा शिकायच्या आहेत, कुणावर शिकू? अव्वा म्हणाली, "माज्यावर शीक. नाहीतर बी मी रिकामीच हाय." पडद्याआड बाईंनी पवित्राचा हात धरून बोटाने फासळ्या मोजायला शिकवलं. "पैली पट्टी माजी चांगली काढ गं, फोटो काढल्यासारकी," असं अव्वा म्हणत होती.

पट्टी पवित्राने माझ्या हातात दिली. वर ओळ होती. पण वेगळी. इन्फेरियर इन्फार्क्ट. खालची बाजू.

मी म्हणालो, परत चुकलं. फुग्यांत काही तरी आहे. बाईंनी पट्टी घेतली. बोटाने एकेक तार बघितली. मग म्हणाल्या, "हे फुग्यांचं नाही. हे हातापायांच्या चिमट्यांचं आहे." मी म्हणालो, मग चिमटे अदलाबदल झाले असतील. त्यांनी स्वतः तपासले. रंग जुळले. स्वतः परत काढली. तीच ओळ, तेच खड्डे, तीन तारांत खोल. मी म्हणालो, यंत्र बिघडलं आहे. त्या म्हणाल्या, "महेश." एवढंच. कुमार म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनी अव्वाला विचारलं, मागच्या वर्षभरात कधी छातीत, पोटात, जबड्यात काही?

"काय न्हाई बाई. मला काय व्हतंय."

अप्पा आरशासमोर शर्टाची बटणं लावत होते. फार खुशीत होते. "हिला काय व्हतंय डॉक्टरबाई! मागच्या येळवसला तीन तांबे आंबील पिऊन आडवी झालती. घामानं लुगडं चिंब, दोनदा वकली, आन् तोंड असं पिवळं..."

तिथेच थांबले. बटण हातात धरून आरशात बघत राहिले. स्वतःकडे नव्हे, आरशातून मागे बसलेल्या अव्वाकडे.

अव्वा पदराने मनगट पुसत होती. मग मी बाईंना दाढेचं सांगितलं. डबा उचलला की दुखते, बसली की थांबते. सांगताना मला ऐकू यायला लागलं की मी काय सांगतो आहे.

सोमवार, ६ जानेवारी. कलबुर्गी.

एको झाला. हृदयाची खालची भिंत एका जागी हलत नाही. वर्षभरापूर्वीचं असावं, तिथले डॉक्टर म्हणाले. जबड्यातलं दुखणं म्हणजे हृदयाची दुसरी रक्तनळी अरुंद झाल्याची खूण. गुरुवारी तपासणी, तेव्हाच लागली तर नळीत जाळी, म्हणजे स्टेंट.

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. रागाने नाही. कुणाशीच बोलत नाहीत. अव्वाची पिशवी धरून तिच्या मागून चालतात. पिशवीत फक्त एक साडी आणि कागद आहेत, तरी दोन्ही हातांनी धरतात.

गुरुवार, ९ जानेवारी.

मनगटातून तार घातली. एक नळी पूर्ण बंद, ती येळवसची. दुसरी सत्तर टक्के, तिथे जाळी बसवली. रेशनकार्डावर मोफत झालं, तपासणी आणि जाळी दोन्ही. एक तास वीस मिनिटं लागली. बाहेर मामांनी विचारलं, चहा घेता का? अप्पा म्हणाले, "मी हसलो व्हतो बग. ती कोपीत पडली व्हती आन् मी हसलो." मामा म्हणाले, "दाजी, आमी सगळेच हसलो." चहा कुणी घेतला नाही.

अव्वाला बाहेर आणलं तेव्हा पहिला प्रश्न, "गिरणीला कुलूप घातलंय नव्हं?"

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

घरी आहोत. अव्वा खाटेवर, उशीला टेकून. फूटपट्टीने जागा मोजून खाट खिडकीजवळ लावली, म्हणजे गिरणी दिसते. अप्पा डबे ओततात आणि मध्येच येऊन बघून जातात. रेवणप्पा भेटायला आले. त्यांची फेरपट्टी मी काल काढली, नॉर्मल आली. ते नाराज आहेत. "जावयाला सांगून बसलोय. आता मागं कसं घेऊ?" अव्वा म्हणाली, माझा झटका घ्या, मला नको आहे.

तीळगूळ देताना मी तिला जे सांगायचं ते सांगितलं. की मी चुकीचे फुगे लावले, अप्पांना बसवलं, आणि तिच्या अंगावर डबे टाकले. पायरी मी लिहिली होती, लवंग लिहिली होती, बांधावर थांबली तेही लिहिलं होतं, आणि नाडी अप्पांची मोजत बसलो.

अव्वा थोडा वेळ तीळ चावत होती.

"मला ठावं व्हतं."

"काय?"

"दाढ न्हवं ते. दाढ अशी दुखती व्हय? छातीतून वर येत व्हतं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"घरात एका येळी एकानंच आजारी पडावं. पाळी तुज्या अप्पाची व्हती." मग म्हणाली, "त्यांचं न्हाई म्हणून निघालं, मग म्हणलं चला, आता झोपावं मशीनवर."

म्हणजे ती त्या दिवशी पवित्राला शिकवायला झोपली नव्हती. हे मला आत्ता, लिहिताना कळतं आहे. खाली जाऊन तिचा श्वास मोजून आलो. १६. ती खरोखर झोपली होती.

रविवार, १९ जानेवारी. संध्याकाळी ५.

आजपर्यंतचा हिशेब.

फेरपट्ट्या: पंधरापैकी चौदा झाल्या, चौदाही नॉर्मल. लिंगम्मा लेकीकडे मादन हिप्परग्याला आहे, फोन लागत नाही. तिथे कुणी तिला काम करू देत नसेल. पुढच्या रविवारी बसने जाऊन घेऊन येणार, दोघांचं भाडं माझं.

खर्च:
एको, कलबुर्गी १,५००
जीप, दोन फेऱ्या २,४००
औषधं, एक महिना १,१८०
शहाळी, इडली, चहा ६१०
अप्पांनी न विचारता आणलेली प्लास्टिकची खुर्ची, अव्वाला गिरणीत बसायला ५५० (अजून अप्पाच बसतात)
एकूण ६,२४०

देणं:
संगमेश्वरमामा ४,०००
डॉक्टरबाई, फेरपट्ट्यांचा कागद १८० (घेत नाहीत, तरी लिहिलं)
अव्वा, गिरणीतली मजुरी, १५ डिसेंबर ते २ जानेवारी, एकोणीस दिवस, हमालाच्या दराने रोज ४००, म्हणजे ७,६००

हे शेवटचं तिला वाचून दाखवलं. वाटलं, हसेल नाहीतर रागावेल. तिने बोटांवर मोजलं.

"येळवसला गिरण बंद व्हती की. अठरा धर."

७,६०० खोडून ७,२०० केले.